वाचकांची पत्रं: धुणंवालीची कविता आणि कवितेचे पैसे

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता दोन ओळी दिल्या होत्या. ‘कष्ट रोजचेच आमचे इतके अतोनात, की स्वप्नं पडायलासुद्धा वेळ उरत नाही.’ १७३९ साली इंग्लंडमधल्या मेरी कॉलियर नावाच्या एका धुणंवालीनं लिहिलेल्या. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी पिशवी भरून घरी पाठवली. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेते. नावं कुणाचीच देत नाही, कारण एका पत्रात तशी विनंती आहे आणि ती का आहे ते पुढे कळेलच.

मी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या अठराव्या शतकाच्या पेपरमध्ये अलेक्झांडर पोप, स्विफ्ट, ग्रे, गोल्डस्मिथ असे कवी आहेत. बाई एकही नाही. तेव्हा स्त्रिया कविता लिहीतच नव्हत्या, की लिहीत होत्या पण बऱ्या नव्हत्या? (लातूर)

तुमच्या पेपरला नावं ठेवण्याआधी माझा गुन्हा कबूल करते. हाच पेपर मी एकोणतीस वर्षं शिकवला आणि त्यातली पहिली बरीच वर्षं एकाही बाईचं नाव न घेता शिकवला. कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. मग एका उजळणी वर्गाला गेले असताना तिथल्या ग्रंथालयात रॉजर लॉन्सडेल यांनी संपादित केलेला, १९८९ साली ऑक्सफर्डनं काढलेला जाडजूड संग्रह हाती लागला. त्या एका शतकातल्या शंभरावर कवयित्री त्यात होत्या. मी दुपारचं व्याख्यान बुडवलं आणि जवळ होते तेवढ्या पैशांत जमतील तेवढ्या पानांची झेरॉक्स काढली. आता ती पिवळी पडलीय, कडेच्या ओळी उडाल्यात, पण टाकवत नाही.

तर होय, लिहीत होत्या. आणि छापत होत्या, खपतही होत्या. शार्लट स्मिथचं उदाहरण घ्या. नवरा कर्जापायी लंडनच्या तुरुंगात, काही काळ हीही त्याच्यासोबत तिथे, पदरी मुलांचं लेंढार. अशात १७८४ साली तिनं स्वतःच्या खर्चानं सुनीतं छापली आणि त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. सासरा बडा व्यापारी, ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. त्यानं नातवंडांच्या भल्यासाठी मृत्युपत्र केलं ते स्वतःच्या अकलेनं, वकील न घेता. त्याचा खटला जवळजवळ चाळीस वर्षं चालला आणि ती वारल्यावर सात वर्षांनी, १८१३ साली मिटला. तोवर घर चाललं ते तिच्या लेखणीवर. तिच्याविषयी वर्ड्‌स्वर्थनं उतारवयात लिहून ठेवलंय की इंग्रजी कवितेवर या बाईचं जेवढं ऋण आहे तेवढं कुणी मान्य करेल किंवा लक्षात ठेवेल असं वाटत नाही. ऋण ठाऊक होतं त्याला. फेडणारं कुणी नाही हेही ठाऊक होतं.

मग त्या गेल्या कुठे? माझं मत विचाराल तर चाळणीतून गळल्या. पुढच्या शतकात जे निवडक संग्रह निघाले, त्यांवरून जे अभ्यासक्रम बेतले गेले, त्यांत एकदा नाव नाही म्हटलं की पुढच्या संग्रहातही नाही. माझ्यासारखे मास्तर तीच यादी पुढे नेतात.

तुम्ही ॲन फिंचपासून सुरुवात करा. विंचिल्सीची काउंटेस, म्हणजे उमरावाची बायको, खाऊनपिऊन सुखी. १७१३ साली तिचा संग्रह निघाला. पण ‘लेखणी हाती धरू पाहणारी बाई म्हणजे पुरुषांच्या हक्कात घुसखोरी करणारी’ असं लोक म्हणणार, हे सांगणारी तिची सर्वांत तिखट कविता तिनं वहीतच ठेवली. हयातीत छापली नाही. काउंटेसची ही कथा, तर बाकीच्यांची काय असेल?

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. दिवसभर धुणी धुणारी बाई यमक जुळवून, वृत्त सांभाळून शेकडो ओळी लिहील यावर माझा विश्वास बसत नाही. मागे कुणी शिकलेला माणूस असणार. (मिरज, निवृत्त बँक अधिकारी)

राग कसला? तुमच्या आधी पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी लोकांनी हीच शंका काढली होती. इतकी, की मेरी कॉलियरच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत पीटर्सफील्ड गावातल्या लोकांना सह्या करून प्रमाणपत्र द्यावं लागलं: ही बाई आमच्या गावची, आम्ही हिला ओळखतो, कविता हिचीच. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा सहीशिवाय पान हलत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. पुढे १७७३ साली बॉस्टनच्या फिलिस व्हीटली या गुलाम मुलीचं पुस्तक लंडनला छापलं गेलं, तेव्हाही बॉस्टनच्या प्रतिष्ठित पुरुषांचं असंच प्रमाणपत्र आत लावावं लागलं. पोपच्या पुस्तकाला असं काही चिकटवल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता कॉलियरची हकिकत. ससेक्समधल्या गरीब घरातली. आईवडिलांनी लहानपणी वाचायला शिकवलं, आई गेली, शाळेचं नाव नाही. पुढे हॅम्पशरमधल्या पीटर्सफील्डला लोकांची धुणी, भांडी, बिअर गाळायला मदत, सुगीत शेतावर. याच सुमारास स्टीफन डक नावाच्या विल्टशरच्या मळणी करणाऱ्या मजुराची कविता गाजत होती. राणी कॅरोलाइननं त्याला वर्षाला तीस पौंड बांधून दिले होते, राहायला घरही दिलं होतं. डकनं मजुराचे हाल फार चांगले लिहिलेत, खोटं कशाला बोलू. पण गवताच्या हंगामात येणाऱ्या बायकांची त्यात टिंगल आहे. या नुसत्या बसून चिवचिवाट करतात म्हणे. कॉलियरला डकच्या कविता तोंडपाठ होत्या आणि हे तिला झोंबलं. तिनं उत्तर लिहिलं, ‘बाईचे कष्ट’ असं मराठीत म्हणू, आणि ते थेट डकला उद्देशून.

त्यात भाषण नाही, तपशील आहेत. हिवाळ्यात अजून तांबडं फुटायचं असतं तेव्हा या बायका मोठ्या घराच्या दारात पोचतात. मोलकरीण झोपेतून उठून दार उघडीपर्यंत बाहेर थंडीत उभ्या. आत कपड्यांचा ढीग. कॅम्ब्रिकचं तलम कापड, मलमल, लेसी, झालरी. हळू हाताने धुवा, फाडू नका. (ही मलमल कुठची? तेव्हा विलायतेत मलमल कंपनीच्या जहाजांतून यायची, मुख्यतः बंगालची. म्हणजे आपल्याकडच्या विणकराच्या आणि तिकडच्या धुणंवालीच्या बोटांखालून एकच कापड गेलं. हे मला दहा वर्षं शिकवूनही लक्षात आलं नव्हतं, एका विद्यार्थिनीनं दाखवलं.) मग उजाडल्यावर मालकीण येते. हातात बिअरचा प्याला, तोंडात सूचना: साबण जपून, सरपण जपून, मागच्या वेळी अमुक कपडा हरवला. आणि धुता धुता मनगटांवरून, बोटांवरून नुसता घाम नाही, रक्त ओघळतं. दिवस मावळला तरी काम संपत नाही. शेवटी हातावर पडतात सहा पेन्स, नाहीतर आठ.

डकला ती म्हणते, तुम्ही पुरुष शेतावरून घरी आलात की काम संपलं. आम्ही तुमच्याआधी घरी पळतो, पातेल्यात डुकराचं मांस आणि उंडे शिजत घालतो, अंथरुणं घालतो, डुकरांना खायला घालतो, आणि दारात तुमची वाट बघत उभ्या राहतो. रात्री पोरं रडून झोपू देत नाहीत. स्वप्नांची ती ओळ इथली. कवितेच्या शेवटी मधमाश्या येतात: पोळ्यात मध भरणाऱ्या त्या, आणि फायदा उपटणारा हावरट मालक वेगळाच.

सांगा, हे कुठल्या शिकलेल्या गृहस्थाला सुचलं असतं? साबणाचा हिशेब आणि प्याल्यातली बिअर एकाच वेळी घेऊन येणारी मालकीण त्यानं कुठून पाहिली असती?

पुस्तक तिनं लोकांच्या सांगण्यावरून पदरमोड करून छापलं. नंतर स्वतःच लिहिलंय की मी काही गमावलं नाही, फारसं कमावलंही नाही, नफा घेऊन दुसरेच पळाले. त्रेसष्ट वर्षांची होईपर्यंत ती धुणी धूतच होती.

ता.क. अनेकांनी जात्यावरच्या ओव्यांची आठवण काढली आहे, तीही मुद्दाम तुमच्याच उत्तरात घेते. आठवण येणं साहजिक आहे, पण मी ती तुलना लांबवणार नाही. ओवी चार जणींत गायली जाते, तिला कुणी ‘ही तुझीच कशावरून’ असं विचारत नाही. कॉलियरला छापखान्याचं बिल भरायचं होतं आणि त्यावर प्रमाणपत्रही मिळवायचं होतं.

अजून विश्वास बसत नसेल तर मेरी लीपर वाचा. नॉर्थँप्टनशरच्या माळ्याची मुलगी, बड्या घरांत स्वयंपाकघरात कामाला. तिच्या एका मालकांच्या आठवणीत राहिलंय ते असं की ही बाई लेखणी घेऊन बसायची, विस्तवावर भाजताना मांस फिरवायचं यंत्र बंद पडलेलं असायचं आणि मांस करपायचं. कविता तिचीच होती याला मला तरी हा करपलेला वास पुरेसा आहे. तिच्या एका कवितेत अर्सुला नावाची स्वयंपाकीण रॉजर नावाच्या गड्यावर जीव टाकते. तुझ्यासाठी मी हे यंत्र फिरवते रे, मांसावर आनंदानं तूप-चरबी सोडते, कारण त्यातला वाटा माझ्या रॉजरला मिळणार! आणि रॉजर? तो पोटभर जेवून टेबलावर डोकं टाकून घोरतोय. विरहगीताची इतकी गोड टर उडवणारं शतकात दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. ती १७४६ साली गोवरानं वारली. वय चोवीस. पहिलं पुस्तक दोन वर्षांनी निघालं, वर्गणी जमवून.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू म्हणजे देवीची टोचणी इंग्लंडात आणणारी बाई ना? ती कविताही करायची? (रत्नागिरी, परिचारिका)

तीच. १७१५ साली तिला स्वतःला देवी आल्या, जीव वाचला पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले. त्याआधी भाऊ देवीनंच गेला होता. त्या आजारावर तिची कविता आहे: एक सुंदरी कोचावर पडलीय, हातात आरसा आहे पण उलटा धरलेला. बस, त्या उलट्या आरशात सगळं आलं. नवरा तुर्कस्तानात राजदूत, तिथे म्हाताऱ्या बायका अक्रोडाच्या करवंटीत देवीच्या फोडातला पू घेऊन सुईनं टोचताना तिनं पाहिल्या. १७१८ मध्ये मुलाला तिथेच टोचून घेतलं, १७२१ मध्ये मुलीला लंडनमध्ये, डॉक्टरांसमोर. जेनरनं शोधलेली देवीची लस यानंतर पाऊणशे वर्षांनी. तुमच्या क्षेत्रातली बाई, तेव्हा तिची तुर्कस्तानातली पत्रं जरूर वाचा, माझ्या मते ती कवितांपेक्षा सरस आहेत.

आमच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कविता करतात. मी आणि मैत्रिणींनी त्या टाइप करून घेतल्या, शुद्धलेखन सुधारलं, ओळखीत प्रती खपवल्या. खर्च जाता चौसष्ट हजार उरले. नवरा पिणारा आहे म्हणून ते मी आणि एका मैत्रिणीच्या नावावर ठेवीत टाकले, मावशींच्या मुलांसाठी. आता मावशी म्हणतात पैसे माझ्या हातात द्या. हल्ली नवी साडी, कानात नवीन काहीतरी. मन खट्टू झालं. आमचं काय चुकलं? नाव छापू नये. (पुणे)

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण मला वाटलं कुणी माझी परीक्षा घेतंय. तुम्ही जे लिहिलंय ते १७८५ साली ब्रिस्टलमध्ये जवळजवळ शब्दशः घडलं आहे.

ॲन यर्स्ली दूध विकायची. घरात नवरा, लहान मुलं, म्हातारी आई. १७८४च्या आधीच्या हिवाळ्यात कुटुंब उपासमारीनं मरणाच्या दारात होतं, आई त्यातच गेली. हॅना मोर ही तेव्हाची नावाजलेली लेखिका. तिच्या स्वयंपाकघरातलं खरकटं ॲन आपल्या डुकरासाठी न्यायची. मोरच्या स्वयंपाकिणीनं सांगितलं की ही बाई कविता करते. मोरनं कविता वाचल्या आणि पदर खोचला. व्याकरण, लेखन सुधारून दिलं, ओळखीपाळखीत पत्रं धाडली. हजारावर पानं लिहिली असं ती म्हणते आणि मला ते खरं वाटतं. हजाराहून जास्त वर्गणीदार मिळाले. १७८५ साली पुस्तक आलं, नफा साडेतीनशे पौंडांच्या आसपास. मोर आणि तिची धनाढ्य मैत्रीण एलिझाबेथ माँटेग्यू या दोघी विश्वस्त झाल्या आणि पैसे गुंतवले. नवऱ्याबायकोच्या सह्या कागदावर घेतल्या. व्याज मिळेल, मुद्दल नाही.

यर्स्ली काय म्हणाली? तिनं सगळे पैसे परत मागितलेच नव्हते आधी. म्हणाली, विश्वस्तांत मलाही घ्या आणि माझ्या मुलांत समान वाटणी होईल असं लिहा. म्हणजे आई म्हणून माझं नाव कागदावर असू द्या. मोरला हा कृतघ्नपणा वाटला. तिनं माँटेग्यूला पत्रात लिहिलं की मी ऐकते ही बाई हल्ली तलम जाळीदार टोप्या घालते, लांब फिती, सोन्याच्या टाचण्या, अशा बाईच्या हाती गरीब लेकरांचे पैसे द्यायचे का?

तुमच्या पत्रातली साडी आणि कानातलं इथे ठेवून बघा.

मोर वाईट होती असं मी म्हणणार नाही. यर्स्लीचं कुटुंब तिच्यामुळे तगलं. पण त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मोरनंच लिहिलंय की या बाईला इतकं स्वतंत्र करायचा आमचा विचार नाही की ती कवितेच्या नादात आळशी होईल. मोर स्वतःही लिहून पैसे कमावत होती, बरं का. तिचं लिहिणं काम, दूधवालीचं लिहिणं नाद.

पुढचंही सांगते, कारण तुम्हाला नवऱ्याची भीती आहे. मोर आणि माँटेग्यू अखेर बाजूला झाल्या, पैसे यर्स्लीला मिळाले. तिनं ते उडवले का? पुढच्या आवृत्तीत तिनं आपली बाजू छापली, १७८७ साली नवा संग्रह काढला, १७८८ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध दीर्घ कविता लिहिली. तीही ब्रिस्टलमध्ये राहून, ज्या बंदराचं पोट त्या व्यापारावर भरत होतं! तिचं नाटक रंगमंचावर आलं, कादंबरी आली, आणि १७९३ साली तिनं ब्रिस्टलजवळच्या हॉटवेल्सला वाचनालय थाटलं.

तुम्ही काय करावं? मावशींच्या एकटीच्या नावानं खातं उघडा, नवऱ्याचं नाव कुठेच नको. तुमची ठेव मोडून रक्कम त्यात भरा. सोबत हिशेबाचा कागद द्या: किती प्रती, किती खर्च, टाइपिंगचे किती. तुम्ही हा हिशेब त्यांना आजवर दाखवला नसावा असा मला पत्रावरून संशय येतो, चूक असेन तर माफ करा. ठेव करायची, मुलांच्या फीला वापरायचे की नाही, ते त्या ठरवतील. आणि शुद्धलेखन सुधारताना मूळ वही कुठे गेली ते बघा. ती त्यांना परत करा. साडीचा रंग कोणता आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात लिहा.

सातवीतल्या नातीला इंग्रजी कविता वाचायची हौस आहे. या बायकांपैकी तिला झेपेल असं काही? (इचलकरंजी)

ॲना लेटिशिया बार्बॉल्ड. तिची धुण्याच्या दिवसावर कविता आहे, १७९७ सालची. त्यात लहान मुलगी मोलकरणींच्या पायांत येते म्हणून तिला हाकलतात, त्या दिवशी मुरंबाही नाही आणि लोणी लावलेला पावही नाही. मग ती आजीजवळ बसून साबणाचे फुगे उडवते आणि विचार करते की हे धुणं मुळात असतंच कशाला. फुग्यांवरून कविता थेट माँगोल्फिएच्या आकाशात उडणाऱ्या विमानफुग्याकडे उडते. पण ती नातीनं दोन वर्षांनी वाचावी.

आधी ‘उंदराची विनवणी’. त्यामागची गोष्ट अशी. जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ बार्बॉल्डच्या वडिलांच्या परिचयातला. १७७१च्या सुमारास तो वेगवेगळ्या हवांचे प्रयोग करत होता आणि कुठल्या हवेत किती जीव तगतो हे बघायला उंदीर वापरत होता. बार्बॉल्ड त्याच्याकडे पाहुणी म्हणून गेली होती. रात्री जेवणं झाल्यावर नोकरानं पिंजऱ्यात सापडलेला उंदीर आणला. आता उशीर झाला, सकाळी बघू, असं प्रीस्टली म्हणाला. सकाळी पिंजरा आला तेव्हा तारांमध्ये एक कागद गुंडाळून खोचलेला होता. त्यावर उंदराच्या तोंडून ही कविता: मीही तुझ्यासारखाच श्वास घेतो, मला मोकळं सोड.

प्रीस्टलीनं पुढे काय केलं ते मला ठाऊक आहे, पण नातीला आधी सांगू नका. कविता वाचून झाल्यावर तिलाच विचारा उंदराचं काय झालं असेल, आणि ती काय म्हणते ते मला कळवा.